धाकटा गट थोरल्या समूहात जातो तेव्हा

शहागंजातून आम्ही बचत गटाच्या समन्वयक बोलतो आहोत. या कार्यक्रमात एरवी आपण हप्ते, व्याज, शेळीपालन, पापड-मसाल्याचं पॅकिंग याविषयी बोलतो. आज गटांविषयीच बोलायचं आहे, पण ते गट आभाळातले आहेत. आपल्याकडे दहा-वीस जणींचा गट होतो, गटांचा ग्रामसंघ होतो, ग्रामसंघांचा प्रभागसंघ होतो. आभाळातही लहान गट आहेत, मोठे समूह आहेत, आणि लहान गट मोठ्या समूहात ओढला जातो तेव्हा तिथे मोठी उलथापालथ होते. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीतूनही पुरती दिसत नाही. ती एक्स-रेमध्ये दिसते. कशी, ते आज समजून घेऊ.

आधी मापं ठरवू. आपला सूर्य हा एक तारा. असे दहा हजार कोटींहून जास्त तारे एकत्र नांदतात ती आपली आकाशगंगा. अमावास्येच्या रात्री गच्चीवर किंवा शेतात झोपलं की जो पांढुरका पट्टा दिसतो, तो तिचाच भाग. अशा ताऱ्यांच्या कुटुंबाला दीर्घिका म्हणतात. आकाशगंगा ही आपली दीर्घिका, आणि अशा अब्जावधी दीर्घिका विश्वात आहेत.

दीर्घिकाही एकएकट्या राहत नाहीत. दोन-चारपासून पन्नासेक दीर्घिका एकत्र असल्या की त्याला दीर्घिकांचा गट म्हणायचं. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी या दोन मोठ्या आणि बाकीच्या बऱ्याच लहान दीर्घिका मिळून आपलाही एक गट आहे. शेकडो किंवा हजारभर दीर्घिका एकत्र आल्या की तो झाला समूह. अनेक समूह मिळून महासमूह.

अंतर मोजायला इथे किलोमीटर पुरत नाही. प्रकाश एका वर्षात जेवढा पल्ला गाठतो, त्याला एक प्रकाशवर्ष म्हणतात. तो पल्ला सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटरचा. आपल्या आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला प्रकाशालाही एक लाख वर्षं लागतात.

आता एका समूहाचा जमाखर्च पाहू. हिशेब आपल्याला चांगला कळतो. समूहाचं सगळं वजन शंभर रुपये धरलं, तर चमकणाऱ्या ताऱ्यांचा वाटा जेमतेम दोन-तीन रुपये. बारा-तेरा रुपयांचा आहे वायू, जो दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पसरलेला असतो. उरलेले पंच्याऐंशीच्या आसपास रुपये कृष्णद्रव्याचे. ते प्रकाश देत नाही, अडवतही नाही. फक्त त्याची ओढ जाणवते. म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून आपण दीर्घिका मोजत बसलो, तर शंभरातले दोन-तीन रुपयेच मोजले. गटाची सगळी रक्कम बँकेत आणि आपण मात्र पेटीतली चिल्लर मोजून ताळेबंद लिहितो, त्यातला प्रकार.

तो बारा-तेरा रुपयांचा वायू फार विरळ असतो. एक लिटरच्या मापात एखाद-दुसरा कण, इतका विरळ. पण समूहाचा पसाराच लाखो प्रकाशवर्षांचा, त्यामुळे सगळा वायू मिळून ताऱ्यांच्या कितीतरी पट भरतो. आणि तो कमालीचा तापलेला असतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, सूर्याचा गाभा दीड कोटी अंशांचा. समूहातला वायू त्याहूनही तापलेला असतो, काही कोटी अंशांपासून दहा कोटींच्या पुढेही.

इथे एक्स-रेचा संबंध येतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना आपण पाहिलेलं आहे. आधी नुसती धग लागते, मग लोखंड लाल होतं, मग पिवळं, मग पांढरंशुभ्र. जितकं तापेल तितका प्रकाशाचा प्रकार बदलत जातो. कोटी कोटी अंशांवर गेलेला वायू मुख्यतः जो प्रकाश टाकतो, तो आपल्या डोळ्यांना दिसणाराच नसतो. तो असतो एक्स-रे, म्हणजे क्ष-किरण.

दवाखान्यातल्या एक्स-रेत आणि यात एक फरक आहे. दवाखान्यात यंत्र किरण सोडतं, ते आपल्या अंगातून आरपार जातात आणि पलीकडे हाडांची सावली उमटते. आभाळाकडे आपण कुठलेही किरण सोडत नाही. तिथला वायूच किरण सोडतो, आपण ते फक्त झेलतो.

पण जमिनीवर बसून ते झेलता येत नाहीत. पृथ्वीभोवतीची हवा क्ष-किरण अडवते, आणि ते आपल्या भल्याचंच आहे. म्हणून ही दुर्बीण उपग्रहावर बसवून हवेच्या वर पाठवावी लागते. अमेरिकेची चंद्रा दुर्बीण जुलै १९९९ मध्ये वर गेली. तिचं नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलेलं आहे, ज्यांना १९८३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपची एक्सएमएम-न्यूटन गेली. आपल्या देशाचा ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेली आहे.

या दुर्बिणींचे आरसेही निराळे. क्ष-किरण समोरून आरशावर पडला तर आत शिरतो, परत फिरत नाही. तळ्यात दगड वरून टाकला तर बुडतो, पण चपटा दगड आडवा फेकला तर पाण्यावर टप्पे घेत जातो. तसं क्ष-किरणाला आरशावरून अगदी तिरपं घासत न्यावं लागतं. म्हणून हे आरसे ताटासारखे नसतात, एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे असतात.

आता येऊ आजच्या गोष्टीकडे. आपल्यापासून सुमारे १२० कोटी प्रकाशवर्षांवर एक दांडगा समूह आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत त्याचं नाव एबेल २१४२. या समूहाच्या बाहेरच्या कडेला एक लहान गट आत शिरताना सापडला. एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने घेतलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात तो दिसला, आणि २०१४ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चित्रात काय दिसतं? पुढे टोकाला दीर्घिकांचा घोळका. त्यांच्या मागे वायूचा लांबच लांब शेपटा, पंचवीस लाख प्रकाशवर्षांइतका. दीर्घिका पुढे निघून गेल्या आणि त्यांचा वायू मागे राहिला.

असं का होतं? खळं आठवा. आता मळणी यंत्र आलं, पण वाऱ्याला पाटी धरून धान्य उपणलेल्या बाया आपल्यात अजून आहेत. वरून धार सोडली की दाणा सरळ पायाशी पडतो आणि भूस वाऱ्याबरोबर लांब जाऊन पडतं. वारा दोघांनाही सारखाच लागतो. दाणा घट्ट आणि जड, म्हणून तो वाऱ्याला जुमानत नाही. भूस हलकं आणि पसरट, म्हणून ते वाहून जातं. त्या गटाच्या बाबतीत दीर्घिका म्हणजे दाणा आणि वायू म्हणजे भूस. फरक एवढाच की इथलं भूस सगळं मिळून दाण्यांपेक्षा वजनाला जास्त भरतं.

आणि वारा कुठला? समूहात आधीपासून भरलेला तापलेला वायू हाच वारा. तो स्वतः फारसा हलत नाही, गटच त्यातून धावतो. मोटारसायकलवर मागे बसलं की झाडाचं पान हलत नसलं तरी आपला पदर मागे फडफडतो, तसंच हे. हा गट सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर वेगाने धावतो आहे असा अंदाज आहे. त्या वेगाने निघालं तर संभाजीनगरहून एका सेकंदात दिल्ली ओलांडून पुढे जाऊ. एवढ्या वेगाने विरळ वायूतून गेलं तरी समोरचा रेटा इतका असतो की गटाचा वायू त्याच्या अंगावरून सोलून निघतो.

मग दीर्घिकांना कसं काही होत नाही? त्यातले तारे एकमेकांवर आदळत नाहीत का? इथे पुन्हा दाण्याचाच हिशेब करू. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा मानला, तर त्याच्या सगळ्यात जवळचा तारा शंभराहून जास्त किलोमीटरवर येतो. एक दाणा शहागंजच्या टॉवरखाली ठेवला तर दुसरा जवळपास अहिल्यानगरला ठेवावा लागेल. मध्ये सगळं मोकळं रान. म्हणून तारे एकमेकांच्या मधून निघून जातात. वायू मात्र सगळीकडे पसरलेला असतो, तो दुसऱ्या वायूला चुकवू शकत नाही.

या शेपटातल्या वायूचं तापमान मोजलं तर ते सुमारे एक कोटी साठ लाख अंश निघालं. भोवतालच्या समूहाचा वायू त्याच्या चौपट तापलेला. आपल्याला वाटेल, गार दूध उकळत्या दुधात ओतलं की क्षणात एक होतं, तसंच इथेही व्हायला हवं. पण तसं झालेलं नाही. वेग आणि शेपटाची लांबी यांचा मेळ घालून शास्त्रज्ञांनी हिशेब केला. वायू सोलला जायला लागून साठ कोटींहून जास्त वर्षं झाली असावीत, तरी तो अजून वेगळा ओळखू येतो. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तो दगड ज्या लाव्हापासून झाला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याच्या नऊ पट काळ हा वायू मोठ्या समूहात राहूनही आपलं तापमान टिकवून आहे.

याचा अर्थ उष्णता एका वायूतून दुसऱ्यात जायला काहीतरी आडवं येतं आहे. नुसत्या वायूच्या नियमाने ती जितकी सहज जायला हवी, त्याच्या चारशेव्या हिश्श्यानेही जात नाही, असं त्या अभ्यासात निघालं. अडथळा करणारं बहुधा चुंबकत्व असावं. तिथल्या वायूतले कण विजेचा भार घेऊन फिरतात, आणि चुंबकत्वाच्या रेषा त्यांना मनाला येईल तिकडे जाऊ देत नाहीत. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या अदृश्य चुंबकत्वाविषयी आपल्याला काही कळतं, ते या शेपटामुळे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. आज दिसणारे प्रचंड समूह एकदम तयार झालेले नाहीत. असे लहान लहान गट एकामागून एक येत गेले आणि समूह वाढत गेला. अजूनही वाढतोच आहे. कधी कधी दोन मोठे समूहच एकमेकांत शिरतात. तेव्हा वायू तापून दहा कोटी अंशांच्या पुढे जातो आणि त्यात धक्क्याच्या लाटा उठतात.

अशाच एका टकरीचा अभ्यास आपल्या मराठवाड्यातून झालेला आहे, हे आम्हाला आज आवर्जून सांगायचं आहे. लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या आणि पुण्याच्या आयुका संस्थेतल्या सहकाऱ्यांसोबत एका दूरच्या समूहाचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये इंग्लंडच्या नामांकित खगोल मासिकात छापून आला. त्या समूहाचं नाव मॅक्स जे०५५३. चारशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निघालेला त्याचा प्रकाश आज आपल्यापर्यंत पोचतो आहे. त्यात दोन उपसमूह एकमेकांपासून सुमारे एकवीस लाख प्रकाशवर्षांवर आहेत आणि वायूचं सरासरी तापमान चौदा कोटी अंश भरलं. इथेही एक लांब शेपटा आहे.

या चित्रात एका बाजूला दोन कडा सापडल्या, जिथे चमक एकदम उतरते. आतली कड म्हणजे कमी तापलेल्या वायूचा पुढे सरकणारा काठ. बाहेरची कड बहुधा धक्क्याच्या लाटेची. नदीत होडी वेगाने निघाली की तिच्या नाकापुढे पाणी उठतं, तशी ती लाट. आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली. आधी टकरीतलाच मानलेला एक घोळका बहुधा टकरीत नाहीच, तो आपल्या आणि त्या समूहाच्या मध्ये कुठेतरी असावा आणि एका रेषेत आल्यामुळे तिथलाच वाटत असावा. आभाळ आपल्याला सपाट कागदासारखं दिसतं, म्हणून असा चकवा होतो. तो ओळखायला बारकाईने मोजावं लागतं.

पुण्याचंच आणखी एक काम सांगायला हवं. आयुका ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली, डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. २०१७ च्या जुलैमध्ये आयुका आणि पुण्याच्याच आयसर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, डॉ. जयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एक महासमूह सापडल्याचं जाहीर केलं. निदान ४३ समूह, साठ कोटी प्रकाशवर्षांचा पसारा, आपल्यापासून चारशे कोटी प्रकाशवर्षांवर, मीन राशीच्या दिशेला. त्याला नाव दिलं सरस्वती. लहान ओहोळ ओढ्याला, ओढा नदीला, तसं तिथे गट समूहाकडे आणि समूह महासमूहाकडे ओढले जातात.

आता मैत्रिणींनो, हे सगळं आम्ही तुम्हाला का सांगत बसलो? मध्यंतरी आमच्या एका गटात कर्जाचा अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, लग्नासाठीही नाही. मुलीला बी.एस्सी. नंतर भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं, त्याच्या फीसाठी. गटाने कर्ज मंजूर केलं, हप्ताही ठरला. पण बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं, "आभाळातलं शिकून काय उपयोग? घर कोण चालवणार?" त्या बाया आकसाने बोलत नव्हत्या. घामाच्या पैशाचा हिशेब विचारणं हा प्रत्येकीचा हक्कच आहे. म्हणून त्याचं उत्तर आम्ही सरळ देतो.

वाट लांबची आहे. एम.एस्सी. दोन वर्षं, त्यानंतर पात्रता परीक्षा, त्यानंतर संशोधनाची पाच-सहा वर्षं. नोकरीची हमी कुणी देत नाही. पण केंद्राच्या नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे संशोधनाच्या काळात मुलगी घरावर ओझं होत नाही, उलट घराला हातभार लावू शकते. आणि ज्यांना संशोधनाकडे जायचं नसेल, त्यांना शाळा-महाविद्यालयात शिकवता येतं, संगणकावर माहितीचं विश्लेषण करण्याची कामंही मिळतात.

दुसरं असं की हे काम करायला अमेरिकेत जन्माला यावं लागत नाही. चंद्रा दुर्बिणीने टिपलेली माहिती काही काळाने सगळ्या जगासाठी खुली होते, फुकट. तिला पाहिजे असतो संगणक, इंटरनेट, भौतिकशास्त्राचा पाया आणि धीर. लातूरच्या त्या अभ्यासातली क्ष-किरणांची चित्रंही अशाच खुल्या साठ्यातली होती. ज्या शहरात आपण तुरीचे भाव विचारतो, त्या शहरात बसून चारशे कोटी वर्षांपूर्वीची टक्कर मोजली गेली. तिथे आपली लेक का नसावी?

मुलीला गोडी आहे की नुसती हौस, ते बघायचं असेल तर तेही सोपं आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला आयुका सर्वांसाठी खुली असते. आपल्या शहरातही एमजीएममध्ये डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचं अवकाश विज्ञान केंद्र आहे. गटाची सहल काढायचीच असेल, तर एखादी तिकडेही काढा. लेकी-सुनांना बरोबर न्या.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःच्या गटाची. लहान गट मोठ्या संघात जातो तेव्हा त्याचं काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. बळ वाढतं, बँकेत मान मिळतो. पण आपला गोळा केलेला निधी, आपली ओळख, आपले नियम मागे सुटतात की काय, अशी धाकधूकही असते. आभाळातल्या गटाला कुणी विचारत नाही. ओढ लागली की त्याला जावंच लागतं, आणि त्याचं जे सुटायचं ते सुटतं. आपल्या हातात मात्र इतिवृत्ताची वही आहे. संघात जाण्याआधी काय बरोबर न्यायचं, काय सोडायचं नाही, याचा ठराव लिहिता येतो, सह्या-अंगठे घेता येतात. तेवढा फरक लक्षात ठेवा.

शेवटी एक काम देतो. उन्हाळ्याच्या दिवसांत रात्री जेवणं आटोपली की अंगणात या. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की एक मोठा नारिंगी तारा लागतो. तो स्वाती. त्याच्या पूर्वेला थोडं सरकलं की अर्ध्या बांगडीसारखी ताऱ्यांची एक ओळ दिसते. तिला उत्तर मुकुट म्हणतात. एबेल २१४२ त्याच दिशेला, खूप खूप पलीकडे आहे. डोळ्यांना तो दिसणार नाही. पण मुलांना ती बांगडी दाखवा आणि सांगा, तिच्या मागे एक धाकटा गट थोरल्या समूहात शिरतो आहे आणि त्याचा वायू मागे शेपटासारखा लांबला आहे. पुढचं मुलं विचारतील. तुम्हाला सांगता येईल.

पुढच्या वेळी गटाच्या लेखापरीक्षणाविषयी बोलू. तोवर नमस्कार.